पडवी असलेला तंबू

गाडीतून उतरताच आईने आभाळाकडे पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, “हो आपलोच पाऊस गो. आंबोलीचो.”

इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेलच्या खोऱ्यात आम्ही उभे होतो. ऑगस्ट महिना. भाऊ, म्हणजे दादा, मँचेस्टरला असतो. तो, वहिनी, दोन भाच्या, आई आणि मी अशा सहा जणांना चार रात्री तंबूत काढायच्या होत्या. आईचं म्हणणं खोटं नव्हतं. या खोऱ्याच्या टोकाशी सीथवेट नावाची इवलीशी वाडी आहे. इंग्लंडमध्ये माणसं राहतात अशा ठिकाणांत सगळ्यांत जास्त पाऊस तिथे पडतो, वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर. लंडनला ६०० च्या आसपास. शेजारच्या हॉनिस्टर खिंडीत डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला. ब्रिटनमधला तो विक्रम आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला होता, त्यापुढे हा आकडा लहान वाटेल. पण बॉरोडेलचा पाऊस दणकून पडून मोकळा होत नाही. तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो, दिवसदिवस रेंगाळतो आणि गार असतो. आपल्याकडे भिजलेला माणूस चुलीपाशी बसला की अर्ध्या तासात सुकतो. इथे ऑगस्टातही रात्री दात वाजतात, आणि ओलं झालेलं अंथरूण सहल संपेपर्यंत ओलंच राहतं.

हे मला ठाऊक आहे, कारण दोन वर्षांपूर्वी याच खोऱ्यात आमची रात्र भिजून गेली होती. तेव्हाचा तंबू घुमटाकार होता. पिशवीवर ‘सहा माणसांसाठी’ असं छापलेलं, रंग देखणा, आणि दुकानात उभा केलेला पाहिला तेव्हा आम्ही सगळेच त्याच्या प्रेमात पडलो. पण त्याची बांधणीच अशी होती की आधी आतला पातळ कापडी तंबू उभारायचा आणि मग त्यावर पाणी अडवणारं बाहेरचं कापड पांघरायचं. कोरड्या दिवशी यात काही अडचण नाही. आम्ही पोचलो ते भर पावसात. बाहेरचं कापड चढेपर्यंत आतली जमीन भिजून चिंब झाली होती. शिवाय ते कापड टोपीसारखं आखूड. तंबूच्या बगला उघड्याच. झड आली आणि पाणी थेट आतल्या भिंतीवर आलं. दार उघडलं की सरी सरळ अंथरुणावर. आईने दारात उभं राहून एकच विचारलं होतं, “हेका पडवी नाय?”

त्या प्रश्नाने मला तंबू पाहायला शिकवलं.

यंदाचा तंबू निवडायला आम्ही तीन महिने घेतले. चार-पाच ठिकाणी जाऊन उभे तंबू पाहिले, आत बसलो, शिवणी चाचपल्या. एखादी कविता आवडली की ती पुन्हा पुन्हा वाचून कुठला शब्द काय काम करतो ते पाहावं, तसा हा तंबू मी वाचला आहे, आणि आता त्याच्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं. हे वाचन मी एका क्रमाने केलं. पावसाचा थेंब वरून निघतो आणि जमिनीला मिळेपर्यंत ज्या वाटेने जातो, त्या वाटेने.

थेंब आधी माथ्यावर पडतो. आमचा तंबू बोगद्यासारखा आहे: एकामागे एक चार कमानी, त्यांवर ताणलेलं लांबच लांब कापड. शेतात लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं आठवा. इरल्याला सपाट जागा नसते. पाठीचा बाक तोच त्याचा बाक, म्हणून पाणी कुठे थांबत नाही, मागे ओघळून जातं. चांगल्या पावसाळी तंबूत हेच पाहायचं. उभ्या तंबूभोवती फिरून, डोळ्यांच्या रेषेत कापड धरून, कुठे झोळ पडलाय का ते बघायचं. दोन कमानींमध्ये कापड सैल असेल तर तिथे पाणी साचतं, साचलेल्या पाण्याच्या भाराने झोळ वाढतो, वाढलेल्या झोळात आणखी पाणी येतं. जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांच्या सहभागाने म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकसाठी जी ताणलेली छतं उभी राहिली, त्यांच्यामागेही हेच तत्त्व आहे. पातळ पडद्याला ताकद येते ती ताणामुळे आणि वळणामुळे. आमच्या तंबूच्या माथ्यावर मी तासभर पाऊस पडताना पाहिला. थेंब पडतो, फुटतो, त्याच्या गोळ्या होतात आणि त्या घरंगळत जातात. पाहत राहावं असं दृश्य आहे.

मग कापड. दुकानदार पहिल्यांदा आकडा सांगतात, आमच्या तंबूचा ४००० मिलिमीटर. हा आकडा पावसाचा नाही. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करतात, त्याची उंची वाढवत नेतात, आणि कापडातून तिसऱ्या जागी थेंब पाझरला की तिथे थांबून उंची मोजतात. म्हणजे चार मीटर उंच पाण्याचा दाब हे कापड सोसतं. कुटुंबाच्या मोठ्या तंबूंना ३००० ते ६००० असे आकडे असतात आणि नव्या कापडाला एवढे पुरेसे आहेत. माझ्या मते लोक या आकड्यात नको इतके गुंततात. उन्हाने आणि वापराने तो उतरत जातो, म्हणून थोडा चढा घ्यावा, एवढंच. खरी परीक्षा शिवणीची. कापड कितीही घट्ट असलं तरी शिलाई म्हणजे सुईने पाडलेली हजारो भोकं. तंबूच्या आत जाऊन शिवण उजेडाकडे धरली की तिच्यावर चिकटवलेली चकचकीत पट्टी दिसते. ही पट्टी अखंड हवी. कोपऱ्यात, जिथे तीन-चार शिवणी एकत्र येतात, तिथे ती बहुतेक वेळा सुरकुतते. आमच्या तंबूच्या एका कोपऱ्यात पट्टीवर आणखी एक गोल तुकडा चिकटवलेला आहे. कुणीतरी कारागिराने तिथे पाणी येईल हे आधीच ओळखून तो ठिगळासारखा लावला असणार. सबंध तंबूत मला सगळ्यांत आवडलेली जी दोन-तीन ठिकाणं आहेत, त्यांतलं हे एक.

कापड पॉलिएस्टरचं घ्यावं की सुती मिश्रणाचं, यावर घरात बराच खल झाला. सुती मिश्रणाच्या तंबूचं मला फार अप्रूप आहे. त्याचं काम होडीसारखं चालतं. उन्हाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्या सुकून सांधे उघडे पडतात. पाण्यात ढकलली की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. सुती धागाही तसाच. पाणी लागलं की फुगतो आणि विणीतली भोकं बुजवतो. म्हणून असा नवा तंबू आधी अंगणात उभा करून एकदोनदा भिजवून सुकवायचा असतो. त्याच्या आत हवा खेळती राहते, उन्हात काहिली होत नाही, पावसाचा आवाजही दबका येतो. भिजलेल्या कापडाला आतून बोट मात्र लावायचं नाही. लावलं की तिथून पाणी उतरायला लागतं. पण त्याचं वजन! आमच्याएवढा सुती तंबू उचलायला दोन माणसं लागतात, आणि ओला झाला की त्याहून जड. वाळवायला माळा किंवा मोठं अंगण हवं. भावाचं घर शहरातलं, जिन्याखाली जेमतेम जागा. आम्ही पॉलिएस्टर घेतलं. ज्याच्याकडे जागा आहे आणि जो एकाच ठिकाणी आठवडाभर तळ ठोकणार आहे, त्याने सुती मिश्रणाचा घ्यावा असंच मी सांगेन.

थेंब आता बगलेवरून खाली आला. इथे बाहेरचं कापड जमिनीपासून चार बोटांवर येऊन थांबतं, त्याच्या काठावरून पाणी पागोळ्यांसारखं गळतं. कौलारू घरात वळचण भिंतीपासून पुढे काढलेली असते. पागोळी भिंतीपासून लांब पडावी हा हिशेब. तंबूतही तोच हिशेब हवा. आतल्या खोलीची भिंत आणि बाहेरचं कापड यांत आमच्या तंबूत सगळीकडे वीतभर अंतर आहे. पहिल्या तंबूत ही दोन कापडं एकमेकांना चिकटत होती. तिथेच पाणी आत येत होतं आणि आम्ही मात्र कापडाला दोष देत होतो.

या अंतराचं आणखी एक काम आहे. पहिल्या सकाळी धाकटी भाची ओरडली, “आत्या, गळतंय!” बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूला सगळीकडे बारीक थेंब साचले होते. ते पावसाचं पाणी नव्हतं, आमचाच रात्रभराचा श्वास होता. झोपलेला माणूस रात्रीतून कपभर तरी पाणी श्वासातून आणि घामातून सोडतो. सहा माणसांचं, ओल्या कपड्यांचं, ओल्या गवताचं बाष्प गार कापडाला लागलं की त्याचं पाणी होतं. गळती एका जागी, बहुतेक शिवणीपाशी असते. दव सगळीकडे सारखं पसरतं. भाचीला मी शिवण दाखवली, तिथे बोट फिरवायला लावलं. मग तिचं तिला कळलं. हे थेंब बाहेरच्या कापडावरून ओघळून गवतात जातात, अंथरुणावर पडत नाहीत, ते त्या वीतभर मोकळ्या जागेमुळे. पाऊस आला की माणूस घाबरून सगळी झडपं बंद करतो, आणि मग आत खरोखरच ओल धरते. तंबूला एक झरोका वर आणि एक खाली हवा, आणि दोन्हींवर पाऊस अडवणारी झापड हवी, म्हणजे पाऊस चालू असतानाही ते उघडे ठेवता येतात. झोपायच्या खोल्या किती हे मोजण्याआधी हे झरोके मोजावेत.

थेंब जमिनीला मिळाला. आता तो खालून आत यायला बघतो. खोलीची जमीन परातीसारखी आहे, काठ चारी बाजूंनी वर वळलेले. जमिनीच्या कापडाला वरच्यापेक्षा चढा आकडा लागतो, कारण माणूस गुडघा टेकतो तेव्हा त्या एवढ्याशा जागेवर अंगाचा सगळा भार येतो आणि ओल्या मातीतलं पाणी वर दाबलं जातं. खाली आणखी एक प्लॅस्टिक अंथरलं तर ते तंबूच्या काठाबाहेर डोकावता कामा नये. डोकावलं की पागोळ्या त्याच्यावर पडतात आणि पाणी सरळ अंथरुणाखाली येतं. आम्ही कडा आत दुमडल्या. आपल्याकडे तंबूभोवती चर खणून पाणी वळवायची जुनी रीत आहे. इंग्लंडातल्या तळांवर कुरणात चर खणू देत नाहीत, म्हणून जागा निवडण्यालाच महत्त्व. खोलगट जागा टाळायची, झाडाखालची टाळायची. पाऊस थांबल्यावरही झाड तासभर गळत राहतं, आणि वाऱ्यात फांदी मोडली तर जीवावर बेततं.

माझा जीव मात्र तणाव्यांत अडकला. तंबू ताणून धरणाऱ्या दोरीला मराठीत तणावा म्हणतात. घुमटाचा तंबू मेखा न ठोकताही उभा राहतो. बोगद्याचा नाही राहत. पुढून आणि मागून ताणल्याशिवाय त्याच्या कमानी आडव्या पडतात. तो पूर्णपणे तणाव्यांवर आणि मेखांवर विसंबून असतो, आणि म्हणून ते नीट बांधले की पावसात तो छान टिकतो. त्याची पाठ वाऱ्याकडे करायची, बगल कधीच नाही. मेख जमिनीत तिरकी, तिचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं. पूर्वीच्या सुती आणि अंबाडीच्या दोऱ्या भिजल्या की आखडायच्या, म्हणून पाऊस आला की रात्री उठून त्या सैल कराव्या लागत, नाहीतर मेखा उपटून यायच्या. आताच्या दोऱ्यांना ते लागत नाही. पण ओल्या जमिनीत मेख हळूहळू ढिली होतेच. दादा रोज झोपण्याआधी मोगरी घेऊन एक फेरी मारायचा, आणि त्या ठोक्यांचा आवाज ऐकल्याशिवाय आई डोळे मिटत नसे.

आता पडवी. तंबूचा पुढचा, जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा आहे. त्यात खोली नाही, अंथरूण नाही. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं की याच लांबीत दुसऱ्या तंबूत आणखी दोघं झोपतील. बरोबर आहे, झोपतील. तंबूवरचा माणसांचा आकडा अंथरुणं खेटून टाकल्यावरचा असतो. त्यात पिशव्या नसतात, रबरी बूट नसतात, गळणारे सहा रेनकोट नसतात. आठ माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू आम्ही सहा जणांसाठी घेतला, तो या रिकाम्या हिश्शासाठी.

कोकणातल्या घरात पावसाळ्याचे चार महिने पडवीवर निघतात. इरली, घोंगड्या, चिखलाचे पाय, ओली छत्री, सगळं पडवीत थांबतं. उंबरठ्याच्या आतलं घर कोरडं राहतं ते पडवी ओलं सोसते म्हणून. आमच्या तंबूचं दार बगलेला आहे, वाऱ्याच्या आड, आणि त्यावर कापडाचा छज्जा पुढे आलेला. आत पाऊल टाकलं की आधी गवतच लागतं, चार फूट उघडी जमीन. तिथे बूट काढायचे, कोट दोरीला अडकवायचा. मग बोटभर उंचीचा कापडी उंबरठा. त्यापलीकडे जाजम घातलेली बसायची जागा, आणि मग दुसरी चेन उघडून झोपायच्या खोल्या. ओल्यातून कोरड्यात जायला तीन पायऱ्या. भर पावसात उभारतानाही हेच झालं. बाहेरचं कापड आणि आतल्या खोल्या एकमेकांना आधीच अडकवलेल्या असतात, सगळा तंबू एकदम उठतो आणि खोल्या कोरड्याच राहतात. आई दारात उभी राहिली. तिने वाकून उंबरठ्याला हात लावला. “हेका पडवी आसा,” म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाऊस हटला नाही. आई पडवीत खुर्ची टाकून बसली, भाच्यांना वारीतल्या गोष्टी सांगत. ती तीन वेळा पायी पंढरपूरला गेलेली. दिंडीचा ट्रक पुढे जातो, मुक्कामाच्या तळावर तंबू आणि राहुट्या उभ्या राहतात, आषाढाच्या सरी झेलत आलेली माणसं त्यांत शिरतात. वारीच्या तळावर माणसं जास्त आणि जागा कमी, त्यामुळे पडवी वगैरे नसते. ओल्या माणसाला ओल्याच कपड्यांत बाजूच्याने सरकून जागा दिली जाते. तेही एक वेगळं शहाणपण आहे. आपल्या छावणी या शब्दाच्या मुळातही छाया करणं, छप्पर घालणं आहे. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. पावसात तंबूत राहायचं असेल तर आधी नीट छप्पर, हे आपल्याला नवीन नाही.

चहाची तलफ आली तेव्हा आईने साहजिकच पडवीत शेगडी मांडायला सांगितली. इथे मात्र मी तिचं ऐकलं नाही. तंबूत, पडवीतसुद्धा, शेगडी किंवा निखारे आणायचे नाहीत. कापड पेट घेतं हे तर आहेच. त्याहून भयंकर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि विझल्यासारखे दिसणारे कोळसेही तो सोडत राहतात. ब्रिटनमध्ये थंडीत ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी आत घेतलेली माणसं झोपेतच दगावली आहेत. आम्ही तंबूपासून चार पावलांवर, चारी बाजूंनी उघडी अशी एक ताडपत्री बांधली आणि चूल तिथे मांडली. हा खर्च तंबूच्या खर्चातच धरावा. पावसाळी तंबू म्हणजे तंबू आणि एक ताडपत्री.

या तंबूत खोट नाही असं नाही. खिडक्या नको तेवढ्या मोठ्या आहेत आणि प्लॅस्टिकच्या काचेपाशी दव सगळ्यांत जास्त धरतं. कमानी काचतंतूच्या आहेत. तिसऱ्या रात्री वारा वाढला तेव्हा एकीला बारीक चीर गेली, ती चिकटपट्टीने बांधून भागवली. अॅल्युमिनियमच्या असत्या तर बरं झालं असतं. वजन २२ किलो, म्हणजे गाडीतून उतरवून लांब नेण्याचा नाही. पण चार रात्रींत तीन रात्री पाऊस झाला आणि सहा अंथरुणांतलं एकही ओलं झालं नाही. याहून मोठी शिफारस मला देता येत नाही.

निघायच्या दिवशीही पाऊस होताच. तंबू ओलाच गुंडाळावा लागला. ओला तंबू पिशवीत दोन दिवसांपेक्षा जास्त राहू देऊ नका. त्याला बुरशी धरते, आणि कापडाच्या आतला लेप ओलीने चिकट होऊन सुटत जातो, मग कुठलाही आकडा कामाचा राहत नाही. घरी पोचल्यावर रात्रीच दादाने तो जिन्याच्या कठड्यावर, दारांवर, न्हाणीघराच्या दांडीवर पसरला. तीन दिवस घरात गवताचा वास होता. चौथ्या दिवशी आईने आणि मी मिळून त्याची घडी घातली. घालण्याआधी आईने प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवलं. सगळ्या कोरड्या होत्या.